चूल आणि कणगी : कमला सोहोनी

माझं गाव महाळुंगे पडवळ. तालुका आंबेगाव. कॉलेजात पहिल्या वर्षी कुणी गाव विचारलं की मी सरळ मंचर सांगून मोकळा व्हायचो. कारण नुसतं महाळुंगे म्हटलं की पुण्याच्या पोरांना एक तर चाकणजवळचं महाळुंगे आठवतं नाहीतर बालेवाडीशेजारचं. आता मात्र मी छाती पुढे काढून सांगतो, आमचं महाळुंगे म्हणजे हुतात्मा बाबू गेनूंचं!

मित्रांनो, बाबू गेनू तुम्हाला इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत भेटले असतील. आम्हाला ते दर १२ डिसेंबरला भेटायचे. मुंबईतला हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी रस्त्यावर परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला आणि ट्रक त्याच्या अंगावरून गेला. वय अवघं बावीस. शाळेत त्यांच्यावर भाषण पाठ करताना माझ्या डोक्यात एक समीकरण पक्कं बसलं. सत्याग्रह म्हणजे रस्ता, ट्रक आणि रक्त.

हा लेख मात्र दुसऱ्या एका सत्याग्रहाविषयी आहे. तो झाला त्यानंतर तीनच वर्षांनी, बंगलोरला, एका संचालकांच्या ऑफिसबाहेर. करणाऱ्या मुलीचं वय तेवढंच, साधारण बावीस. तिचं नाव कमला भागवत. पुढे डॉ. कमला सोहोनी.

यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला जीवरसायनशास्त्रातल्या बाई कुठे भेटल्या, असं तुम्ही विचाराल. त्याचं कारण आमचे अण्णा.

मी पहिल्या वर्षाला असताना अण्णांची शुगर निघाली. निघाली तीही योगायोगानेच. पायाची जखम दोन महिने भरेना, म्हणून तालुक्याच्या एका दवाखान्यात गेलो. तिथे आधी नुसतंच मलम मिळालं. साखर तपासावी असं कुणाच्याच मनात आलं नाही, आमच्याही नाही, कारण अण्णा म्हणजे काडी पैलवान! पोट नाही, गाल नाही, पन्नाशी ओलांडली तरी कमरेचा पट्टा शेवटच्या भोकात. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि आकडा ऐकून आई मटकन खालीच बसली. गावात तर कुणाचा विश्वासच बसेना. आमच्याकडे शुगर म्हणजे गादीवर बसणाऱ्या शेठजींचा आजार. बटाट्याच्या सऱ्या ओढणाऱ्या माणसाला ती होतेच कशी?

हाच प्रश्न घेऊन मी लायब्ररीत गेलो. परीक्षेसाठी नाही, खरंच कळून घ्यायला. पेशी साखर जाळते म्हणजे नेमकं काय करते, हे वाचता वाचता सायटोक्रोम सी नावाचा एक शब्द पुन्हा पुन्हा येऊ लागला. आणि त्याच्या मागे मागे जाताना एका पानावर चक्क मराठी नाव दिसलं. पुढची ओळ वाचून तर मी उडालोच. या बाईंनी तो शब्द शोधला होता बटाट्यात!

ज्याच्या गावाशेजारी सातगाव पठार आहे, ज्याने मंचरच्या मार्केट यार्डात बटाट्याच्या गोण्यांवर बसून डबा खाल्लाय, त्याला यापुढे पुस्तक मिटणं शक्यच नव्हतं.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूरचा. घर भागवतांचं. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्राचे, दोघेही बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेले. मोठी बहीण म्हणजे आपल्या मराठीतल्या थोर लेखिका दुर्गा भागवत. अशा घरातली मुलगी चूल फुंकत बसणं कठीणच होतं. गंमत अशी, की आयुष्यभर तिने अभ्यास केला तो चुलीचाच. फक्त ती चूल पेशीतली होती!

१९३३ साली मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र घेऊन त्या पहिल्या क्रमांकाने बी.एस्सी. झाल्या. पुढचं संशोधन वडील आणि काका शिकले त्याच संस्थेत करायचं हे घरात जणू ठरलेलंच होतं. अर्ज केला आणि तो नाकारला गेला. कारण गुण नव्हे, विषय नव्हे. कारण एकच, अर्जदार मुलगी आहे. आणि नाकारणारा माणूस कोण? तर संस्थेचे नवे संचालक, तीन वर्षांपूर्वीच नोबेल मिळालेले सर सी. व्ही. रामन!

आपल्यासारख्याने काय केलं असतं? नशिबाला दोष देऊन दुसरा फॉर्म भरला असता. कमलाबाई थेट बंगलोरला गेल्या, रामन यांना भेटल्या आणि नकाराचं कारण मागत त्यांच्या ऑफिससमोर सत्याग्रहाला बसल्या. देशात गांधीजींचं वारं होतं, पण प्रयोगशाळेच्या दारात सत्याग्रह बहुधा पहिलाच असावा. अखेर रामन यांनी प्रवेश दिला. मात्र त्याला अटी लावल्या. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतही काम करावं लागेल, आणि तिच्या तिथे असण्याने प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये! कमलाबाईंनी अपमान गिळला आणि कामाला लागल्या. हा सल मात्र त्या विसरल्या नाहीत. म्हातारपणीही त्यांनी तो उघडपणे बोलून दाखवला.

तिथे श्रीनिवासय्या हे मार्गदर्शक त्यांना चांगले लाभले. दूध, डाळी आणि कडधान्यं यांतल्या प्रथिनांवर त्यांनी काम केलं. वर्षभरात रामन यांचं समाधान झालं, कमलाबाई नियमित विद्यार्थिनी झाल्या आणि संस्थेचं दार पुढच्या मुलींसाठीही किलकिलं झालं. १९३६ मध्ये त्यांनी एम.एस्सी. पूर्ण केली. आज आमच्या वर्गातल्या मुली वर्कशॉपमध्ये लेथ चालवतात, तेव्हा मला ते ऑफिससमोरचं बसणं आठवतं.

१९३७ साली त्या केंब्रिजला गेल्या. न्यूनहॅम कॉलेज, आणि प्रयोगशाळा सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांची. जीवनसत्त्वांच्या शोधासाठी १९२९ साली नोबेल मिळालं ते हेच हॉपकिन्स. आधी डॉ. डेरेक रिक्टर यांच्याकडे, मग ते दुसरीकडे गेल्यावर डॉ. रॉबिन हिल यांच्याकडे त्यांनी वनस्पतींच्या पेशींवर काम सुरू केलं. आणि इथे आपला बटाटा येतो.

आता थोडं तांत्रिक. कंटाळू नका, व्हायवाला विचारणार नाही!

आपण भाकरी खातो तिची साखर होते. ती साखर पेशीत जळते, पण लाकूड जळतं तशी भडकून नाही. स्लॅब टाकताना मजुरांची रांग कशी असते बघा. एकाने घमेलं दुसऱ्याला द्यायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला. पेशीतल्या मायटोकाँड्रिया नावाच्या कणांत अशीच रांग असते. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन घमेल्यासारखे हातोहात पुढे जातात. शेवटी श्वासातला ऑक्सिजन ते घेतो आणि पाणी तयार होतं. वाटेत सुटणारी ऊर्जा पेशी साठवून कामाला लावते. या रांगेतला शेवटून दुसरा हात म्हणजे सायटोक्रोम सी. लोह असलेलं हे छोटंसं प्रथिन. केंब्रिजच्याच डेव्हिड केलिन यांनी १९२५ साली सायटोक्रोम हे नाव रूढ केलं होतं. कमलाबाईंनी बटाट्यावर काम करताना दाखवलं, की प्राण्यांच्या पेशीतला हा सायटोक्रोम सी वनस्पतीच्या पेशीतही आहे. म्हणजे पठारावर जमिनीखाली गप्प पडलेला बटाटा आणि तो खणणारे अण्णा, दोघांच्या आत चूल एकाच बनावटीची!

हा प्रबंध त्यांनी किती पानांत लिहिला असेल? चाळीस! कामाला लागले फक्त चौदा महिने. आपल्या फायनल इयरच्या प्रोजेक्ट रिपोर्टची आभारप्रदर्शनं आणि अनुक्रमणिकाच तेवढी होते. १९३९ मध्ये केंब्रिजने त्यांना पीएच.डी. दिली. विज्ञानातली ही पदवी मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी त्या एक.

इथवर वाचून मी खूश झालो, पण माझा प्रश्न तसाच होता. चूल कळली. मग अण्णांची साखर रक्तातच का राहिली? त्यासाठी चुलीशेजारची दुसरी वस्तू समजून घ्यावी लागली. कणगी.

आमच्या जुन्या घरात बांबूची, शेणाने सारवलेली कणगी होती. सुगीला भरायची आणि उन्हाळ्यात उपसायची. शरीरातली चरबीची पेशी म्हणजे अशीच कणगी. जेवण झालं की इन्सुलिन नावाचा निरोप्या येतो आणि सांगतो, आता भरा. पेशी साखर आणि स्निग्धाम्लं आत घेते आणि चरबीचा थेंब करून ठेवते. उपवास पडला, इन्सुलिन उतरलं, की तीच चरबी सुटी होऊन बाहेर पडते आणि बाकीच्या अवयवांच्या चुलीत जळते. यात वाईट काहीच नाही. उलट काही लोकांच्या अंगात जन्मतःच चरबी साठवायची सोय जवळजवळ नसते, आणि त्यांनाही लहान वयात जबर मधुमेह होतो! म्हणजे दोष कणगीचा नाही. दोष आहे कणगी अपुरी पडण्याचा.

कणगी ठेचून भरली तर काय होतं? दाणे सांडतात, उंदीर येतात. पेशीचंही तेच. चरबीने फुगलेल्या पेशीपर्यंत ऑक्सिजन पुरेसा पोचत नाही, काही पेशी मरतात, तिथे सफाईला पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि दाह सुरू होतो. दाह पसरवणारी रसायनं इन्सुलिनचा निरोप बिघडवतात. पेशी चरबी धरून ठेवू शकत नाही, ती यकृतात आणि स्नायूंत सांडते. मग स्नायू साखर आत घ्यायला कुरकुर करतात, यकृत गरज नसताना साखर सोडत राहतं. स्वादुपिंड जास्त जास्त इन्सुलिन ओतून काही वर्षं गाडं ओढतं आणि एक दिवस थकतं. शुगर निघते ती त्या दिवशी. बिघाड मात्र कितीतरी आधीचा असतो.

सगळीच चरबी कणगी नसते बरं का. तपकिरी चरबी नावाचा एक प्रकार आहे. तिच्यात मायटोकाँड्रिया इतके ठासून भरलेले असतात, की त्यांतल्या सायटोक्रोममधल्या लोहानेच तिला तो रंग येतो. म्हणजे कमलाबाईंचं प्रथिन तिथे रंगाने ओळखू येतं! ही चरबी साठवत नाही, जाळते. गाडीचा क्लच दाबून ऍक्सिलरेटर पिळला तर काय होईल? इंजिन तापेल, गाडी हलणार नाही. तपकिरी चरबी नेमकं हेच करते आणि नुसती उष्णता काढते. तान्ही बाळं थंडीत तगतात ती तिच्यामुळे. मोठ्या माणसांतही मानेजवळ आणि गळ्याच्या हाडांवर ती कार्यरत असते, हे २००९ साली स्पष्ट झालं. लठ्ठ माणसांत ती कमी आढळते. ती चेतवून मधुमेह हटवता येईल का, यावर जगभर काम चालू आहे.

पण अण्णा तर लठ्ठ नव्हते! याचं उत्तर मला आपल्या पुण्यातच मिळालं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक जोडफोटो २००४ साली लॅन्सेट या नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. वजनकाट्याला जे दिसत नाही ते यंत्राने दाखवलं. आपण भारतीय बाहेरून बारीक आणि आतून चरबीदार असू शकतो. स्नायू कमी, म्हणजे चुली कमी. आणि कातडीखालची कणगी लहान, म्हणून चरबी पोटात आतड्यांभोवती आणि यकृतात.

हे येतं कुठून? याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी सुमारे २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं लहान होती, स्नायूंनी कमी होती, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने त्यांनी राखली होती. आईच्या पोटात अन्न कमी पडलं की बाळ पुढच्या दुष्काळाची तयारी करूनच बाहेर येतं. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे उपासमार झाली होती. तेव्हा पोटात असलेली बाळं पन्नाशीला आली तर त्यांच्यातही साखर हाताळण्याची ताकद कमी भरली.

हे वाचलं त्या रात्री मी आजीला फोन केला आणि अण्णांच्या जन्माचं विचारलं. अण्णा १९७२ च्या दुष्काळात तिच्या पोटात होते. आजी तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. खायला मिलोची लाल ज्वारी आणि कामावर मिळणारी सुकडी. तीही ती थोरल्यांना वाटून टाकायची. अण्णांची शुगर त्यामुळेच झाली असं छातीठोकपणे कुणीच सांगू शकणार नाही. पण आमच्या घरातला शेठजींचा आजार कदाचित भुकेतून आला असेल, हा विचार मला अजून सोडत नाही. पुढे डिंभे धरणाचं पाणी तालुक्यात खेळलं, ऊस आला, मोटारसायकल आली, चहात साखर दुप्पट झाली. दुष्काळाची तयारी करून आलेल्या शरीराला सुबत्ता भेटली. कणगी भरून वाहायला आणखी काय हवं!

आणि इथेच मला कमलाबाईंच्या आयुष्याचा दुसरा अर्धा भाग कळला. आधी मी तो भरभर उलटला होता.

१९३९ साली त्या भारतात परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज कॉलेजात जीवरसायनशास्त्राचा नवा विभाग, नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक. १९४७ साली विमागणिती मा. वि. सोहोनी यांच्याशी लग्न होऊन त्या मुंबईला आल्या आणि इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक झाल्या. केंब्रिजमध्ये चुलीचं कोडं सोडवलेल्या बाईंना परदेशी मासिकांत गाजतील असे विषय घेता आले असते. त्यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून विषय घेतले ते गरिबाच्या ताटातले. नीरा, ताडाचा गूळ, डाळी, कडधान्यं. कच्च्या कडधान्यांत प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात, त्यांचा त्यांनी अभ्यास केला. आजी कडधान्य भिजवून नीट शिजवल्याशिवाय ताटात का वाढत नाही, त्यामागचं रसायनशास्त्र म्हणजे हेच. नीरेचं काम राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून घेतलं. तिच्यातली जीवनसत्त्वं आणि लोह मोजलं आणि कुपोषित आदिवासी मुलांना, गरोदर बायकांना ती उपयोगी पडते असं दाखवलं. त्यासाठी राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी सल्ला दिला. संस्थेचं संचालकपद मात्र त्यांच्याकडे यायला हवं होतं त्याच्या बरंच उशिरा आलं. बंगलोरला भेटलेली भिंत मुंबईतही पुरती पडली नव्हती.

निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. ग्राहक मार्गदर्शनाच्या चळवळीत काम केलं, कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडियाच्या १९८२-८३ मध्ये अध्यक्ष झाल्या, सामान्य गृहिणीला कळेल असे लेख लिहिले. १९९८ साली दिल्लीत भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने ठेवलेल्या सत्कार समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचं निधन झालं.

कमलाबाईंचं नाव मधुमेहाच्या पुस्तकात सापडत नाही. मला मात्र त्यांच्या आयुष्याची दोन्ही टोकं तिथेच जुळलेली दिसतात. एका टोकाला पेशीतली चूल आणि दुसऱ्या टोकाला गरोदर बाईच्या हातातला पेला. त्यांच्या काळी प्रश्न भुकेचा होता. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने भारतात मधुमेहाचे सुमारे १० कोटी रुग्ण असल्याचं सांगितलं. वरवर दोन्ही प्रश्न उलटे दिसतात. पण आजीच्या ताटातली सुकडी आणि अण्णांच्या हातातली गोळी यांच्यामध्ये फक्त एक पिढी आहे.

अण्णांची जखम भरली. गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांनी चालायला सांगितलं तेव्हा ते चिडले होते, शेतकऱ्याला काय चालायला सांगता म्हणून! मग मी त्यांना चूल आणि कणगी समजावून सांगितली. चाललं की स्नायूंच्या चुली पेटतात आणि इन्सुलिनचा निरोप नसला तरी साखर आत ओढतात, हे त्यांना पटलं. आता मोटारसायकल घरी ठेवून रानात पायी जातात. चहातली साखर बंद आहे, आमच्यासमोर तरी.

मित्रांनो, सबमिशनच्या रात्री तीन-तीन वडापाव आणि चार कटिंग मारताना आपण बारीक आहोत म्हणून निर्धास्त राहू नका. काटा खोटं बोलत नाही, पण तो पूर्ण खरंही सांगत नाही. घरात कुणाला शुगर असेल तर स्वतःची एकदा तपासून घ्या. मी घेतली. आत्ता तरी ठीक आहे.

येत्या १२ डिसेंबरला शाळेच्या सरांनी मला गावात बोलायला बोलावलंय. बाबू गेनूंवर तर बोलेनच. पण या वेळी समोर बसलेल्या मुलींना आणखी एक सत्याग्रह सांगणार आहे. ट्रक नसलेला, ऑफिसच्या दारातला. आणि जाताना खिशात एक बटाटा नेणार आहे.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)